सतराच्या कप्प्यात बासष्ट

३ मार्च, सोमवार

मिरे,

आशीर्वाद वगैरे शेवटी बघू, आधी काम. फोन तू उचलत नाहीस. चार वेळा लावला, पाचव्यांदा लावायला मी रिकामटेकडी नाही. पत्ता तुझ्या बाबांच्या पाकिटात मिळाला. ते तुझ्याशी बोलायला गच्चीवर जातात आणि खाली येऊन म्हणतात, वर हवा छान आहे. वर्षभर हवा छान आहे. मला काही कळत नाही असं तुम्ही दोघं धरून चालला आहात, चालू द्या.

विचारायचं ते असं. हजारो वस्तू नंबराप्रमाणे लावून ठेवल्या आहेत. त्यातली एक तिच्या जागेवर नाही. कोणी बाहेर नेलेली नाही, खोलीतच आहे, पण कुठे ते माहीत नाही. तर तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांत ती लवकर शोधायची पद्धत काय?

कॉलेजात असताना असली कोडी तूच मला घालायचीस. मी लसूण सोलत असायची आणि तू खुर्चीत पाय वर घेऊन वाचायचीस, "आई, हजार नावांची यादी आहे, अक्षरांप्रमाणे लावलेली, त्यातलं एक नाव कमीत कमी वेळा बघून कसं शोधशील?" मी म्हणायची, मधोमध उघड, पुढे असेल की मागे ते ठरव, निम्मी यादी बाद कर, उरलेल्याचं पुन्हा तेच कर. तू म्हणालीस, हे शिकवायला आमच्या सरांना दोन तास लागले. मी म्हटलं, सरांना लसूण सोलायचा नव्हता.

म्हणून तुलाच विचारते. एका ओळीत लिही. कोणासाठी, कशासाठी, ते विचारू नकोस. कामाचं आहे आणि घाई आहे.

आई

७ मार्च, शुक्रवार

मिरे,

पत्र पोचलं असेलच. उत्तर नाही. मी अर्धवट विचारलं म्हणून तू अर्धवट वाचलं असशील. तर घे, पूर्ण सांगते.

गेल्या शुक्रवारी आमच्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर एक सुतार आला. पन्नाशीचा, पोटावर हात दाबून वाकलेला, तरी कानावर पेन्सिल. बरोबर बायको. त्याच्या पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन करायलाच हवं. पण बारा वर्षांपूर्वी आमच्याच हॉस्पिटलात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा गुंगीच्या औषधाने त्याचा श्वास बंद पडला. तीन दिवस मशीनवर होता. औषध कुठलं ते त्याला माहीत नाही. "डॉक्टरांनी सगळं फाईलमध्ये लिहिलंय," एवढंच तो सांगतो. ते डॉक्टर आता ह्या जगात नाहीत. आताचे सर्जन म्हणतात, जुने कागद आणा, त्याशिवाय मी ह्या माणसाला गुंगी देणार नाही. आणि वीस तारखेच्या पलीकडे थांबवता येणार नाही.

फाईल नंबर ४०८६२. सात वर्षांपूर्वीपासूनचं सगळं कॉम्प्युटरवर आहे, पण त्याआधीच्या पन्नास हजार फायली अजून आमच्याच अंगावर.

मी उठले, शेवटचे आकडे बासष्ट म्हणून बासष्टच्या कप्प्याशी गेले, मधले शून्य-आठ म्हणून आठची पुठ्ठ्याची खूण धरली. तिथे पाच फायली असायला हव्यात. चारच होत्या.

तेव्हापासून रोज जेवायच्या सुट्टीत शोधते आहे. नंबर फाईलच्या पाठीवर नाही, आतल्या कोपऱ्यात आहे, त्यामुळे प्रत्येक फाईल ओढून बघावी लागते. अर्ध्या तासात साडेतीनशे होतात. मी हिशोब केला, ह्या वेगाने पाच महिने लागतील. सुताराकडे तेरा दिवस आहेत.

तू म्हणशील, चौघी आहात ना, चौघींनी मिळून शोधा. आमच्यातल्या मावशीला दिसत नाही, तुला माहीत आहे, ती बोटाने आकडे चाचपते आणि आम्ही ते झाकून घेतो, दीड वर्षात निवृत्त होऊन सुटेल बिचारी. बाकीच्या दोघी नुसत्या बोलतात. आणि चौघींना सांगायचं म्हणजे ऑफिसातल्या मोठ्या बाईंना सांगावं लागेल, मग त्या विचारतील, ही फाईल शेवटची कोणी हाताळली. हॉस्पिटलात प्रश्न विचारणारे फार.

सुताराची बायको रोज येते, समोरच्या बाकावर बसते. काही म्हणत नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला उलटं बोलता आलं असतं.

आणि हो, तुझ्या मनात येईलच म्हणून मीच लिहिते. ४०८६२ ही तुझ्या रांगेतली फाईल. गेल्या वर्षी तुमच्या कंपनीने आपल्या दोघींत फायली काढायची शर्यत लावली, त्या दिवशी जी तुला मिळाली नव्हती तीच. ह्याचा अर्थ एवढाच की ती तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. मी तेव्हाही सांगितलं होतं, दोन हजार फायली एका आठवड्यात लावायच्या म्हणजे एखादी इकडची तिकडे जाणारच. त्यात रागवायचं काही नव्हतं. तू दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या भरल्यास आणि मी "जा" म्हटलं. माणूस रागात म्हणतं. तू खरंच जायचं असतं का?

उत्तर पाठव.

आई

१४ मार्च, शुक्रवार

मिरे,

तुझं कार्ड काल आलं. तीन ओळी. पाठ झाल्यात.

"क्रम मोडलेला असेल तर कुठलीच हुशारी चालत नाही. एकेक करून सगळं बघावं लागतं. कोणी मोडला हे माहीत असेल तर त्यालाच विचारावं, ते सगळ्यात लवकर."

सही नाही, तारीख नाही. बाबांनी विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, हवा छान आहे लिहिलंय.

काल दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. चहा दोनदा उतू गेला. एका बाईला दुसरीचीच फाईल दिली, सतरा वर्षांत पहिल्यांदा. आमच्यातली चष्मेवाली म्हणाली, "आज मशीन बिघडलं वाटतं." मी तिला असं काही बोलले की ती दुपारपर्यंत माझ्या बाजूला फिरकली नाही. तिचा काय दोष?

तर घे. त्यालाच विचार म्हणतेस, तर मीच मला विचारते आणि मीच सांगते.

त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी मोठ्या बाईंच्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवायला गेले. टेबलावर कागद होता, त्यावर दहा-दहा नंबर दोन रांगांत. वर तुझं नाव आणि माझं. उद्या कोणाला कुठली फाईल काढायला सांगायची त्याची ती यादी. मला इंग्रजी येत नाही, मोठमोठे शब्द येत नाहीत, पण आकडे उलटे धरले तरी वाचता येतात. तुझ्या रांगेतला शेवटचा नंबर ४०८६२.

हॉलमध्ये तुझ्या दोन हजार फायली एका ओळीत उभ्या होत्या, चढत्या नंबराने, एकही वाकडी नाही. आठवडाभर गुडघ्यांवर बसून लावल्या होत्यास. मी मधोमध हात घातला, पुढे, मागे, पुढे. अकराव्या वेळी हातात आली. तुझीच पद्धत. ती फाईल पदराखाली घेतली आणि रेकॉर्ड रूममध्ये जाऊन पाण्याच्या पाइपाखालच्या रॅकमध्ये, वरून तिसऱ्या कप्प्यात हात जाईल तिथे कोंबली. मनात म्हटलं, परवा जागेवर ठेवून देईन, कोणाला पत्ता लागणार नाही.

मग सकाळ झाली. तुमच्या कंपनीचा टायवाला हातात घड्याळ घेऊन उभा. पहिली पाळी तुझी. नऊ फायली तू बघता बघता काढल्यास. मला अभिमान वाटला, हे आता लिहून काय उपयोग. दहाव्या फाईलला तू निम्मं करत करत त्या जागेवर आलीस, तर ४०८६१ च्या पुढे ४०८६३. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा तिथेच. वीस मिनिटं. टायवाला घड्याळाकडे बघतोय, मोठ्या बाई खिडकीबाहेर. तू सरळ उभी राहिलीस आणि म्हणालीस, "इथली फाईल कोणीतरी काढली आहे." आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आपली चूक झाली की दुसऱ्याचं नाव घ्यायचं. घरीही हिचं असंच."

घरीही हिचं असंच. हे कुठून आलं माझ्या तोंडात, मला माहीत नाही. घरी तुझं असं कधीच नव्हतं.

त्यानंतर तुला कंपनीने कायम केलं नाही. तू गेलीस. आणि तिसऱ्या दिवशी तो पाइप फुटला. मजूर आले, फायली कप्प्याप्रमाणे दोरीने बांधून व्हरांड्यात नेल्या, रॅक हलवले, भिंत सुकली, रॅक वेगळ्याच रांगेत मांडले, कप्पेही खालीवर झाले. मी आत आले आणि पाइपाखाली कुठला कप्पा होता तेच कळेना. जन्मभर चौघींना ओरडून सांगितलं, जागा लक्षात ठेवू नका गं, जागा बदलते, नंबर लक्षात ठेवा. आणि चोरी केली तेव्हा मी जागा लक्षात ठेवली, कप्प्याचा नंबर बघितलाच नाही. शंभरातला कुठलाही असू शकतो.

मी स्वतःला सांगत आले की मावशीसाठी केलं. तुमच्या पद्धतीने चौघींचं काम एकटी करेल असं टायवाला म्हणाला होता, मावशी दुसऱ्याच दिवशी बाहेर गेली असती. हे खरं आहे, पण पूर्ण नाही. तो तुला "मॅडम" म्हणत होता आणि माझ्याकडे बोट करून "ह्या बाई". आणि तू त्याला थांबवलं नाहीस. बस, एवढंच.

त्यासाठी एका सुताराचा जीव टांगणीला लागेल हे मला कुठून कळावं?

आई

१८ मार्च, मंगळवार

मिरे,

हे पोस्टात कधी टाकेन माहीत नाही, पण आज लिहिलं नाही तर लिहायची नाही.

सकाळी सुताराला भरती केलं. स्ट्रेचरवरून नेताना त्याने मला ओळखलं. कानावर पेन्सिल नव्हती. म्हणाला, "बाई, मिळाली की आवाज द्या हं." जसं काही मी त्याचा खिळ्यांचा डबा शोधते आहे. त्याची बायको बाकावरून उठून त्याच्यामागे गेली आणि जाताना मला म्हणाली, "तुम्ही जेवता कधी? मी रोज बघते, सुट्टीत तुम्ही आतच असता." मला वाटलं होतं ती माझ्यावर नजर ठेवते आहे. ती माझ्या जेवणाची काळजी करत होती.

मी तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. दार ढकललं, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. यादी, पदर, पाइप, तू. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपलं तेव्हा म्हणाल्या, "बसा." मी बसले नाही. त्यांनी खालचा खण उघडला, बराच वेळ शोधलं आणि एक पाकीट काढलं. चिकटवलेलं, न उघडलेलं. तू त्या दिवसाच्या आदल्या सकाळी त्यांना दिलं होतंस म्हणे. निकाल तर समोरच लागला, मग कागद कशाला वाचायचे, म्हणून ते तसंच पडून राहिलं.

त्यांनी माझ्यासमोर फोडलं आणि मोठ्याने वाचलं. मला पाठ व्हायला एकदाच ऐकणं पुरतं.

तू लिहिलंस, ह्या खोलीत फाईल शोधायच्या तीन पद्धती मोजून बघितल्या. पहिली, एका टोकापासून एकेक बघत जाणे: सरासरी पंचवीस हजार नजरा. दुसरी, सगळ्या फायली चढत्या नंबराने लावून दर वेळी निम्म्या बाद करणे: जास्तीत जास्त सोळा नजरा. तिसरी, इथे आज चालू असलेली: शेवटच्या दोन आकड्यांवरून थेट कप्पा, मधल्या दोन आकड्यांवरून खूण, मग पाच फायली. म्हणजे सात. चोरून वेळ मोजली, सरासरी चोवीस सेकंद. तिसरी पद्धत सगळ्यात वेगवान आहे, ती बदलू नये. फायली येत जात राहिल्या तरी ती कोलमडत नाही आणि चार माणसं एकाच वेळी चार ठिकाणी काम करू शकतात.

मग लिहिलंस, ही पद्धत ज्यांनी शोधली त्या रेकॉर्ड सहायक. आणि माझं नाव. पूर्ण, आडनावासकट. "माझी आई" असं लिहिलं नाहीस. मोठ्या बाई तिथे थांबल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

अगं, मी ते काही शोधलं नव्हतं. पूर्वी नंबराप्रमाणे लावायचो तेव्हा नव्या सगळ्या फायली शेवटच्या रॅकला, चौघी तिथेच, डोक्यावर डोकी. एक दिवस मावशीचं कोपर माझ्या डोळ्यात गेलं. मी म्हटलं, पुरे, आता शेपटीकडून लावायच्या, म्हणजे चौघी चार दिशांना राहतील. त्याला तू पद्धत म्हणतेस.

आणि शेवटी तुझी एक ओळ. "ह्या पद्धतीला एकच धोका आहे. एखादी फाईल चुकीच्या कप्प्यात गेली तर ती असून नसल्यासारखी होते. उपाय: प्रत्येक कप्प्यातल्या फायलींच्या पाठीवर ठराविक उंचीवर रंगाचा पट्टा ओढावा, दर कप्प्याची उंची आणि रंग वेगळा. परकी फाईल दारातूनच दिसेल."

वर्षभर ते पाकीट त्या खणात होतं. मी तुला हरवायला फाईल पळवली. तू हरायलाच आली होतीस.

मोठ्या बाई उठल्या. म्हणाल्या, "तुमचं काय करायचं ते नंतर बघू. आधी किती माणसं लागतील सांगा." मी म्हटलं, सहा असतील तर उद्या संध्याकाळपर्यंत. त्यांनी साडीचा पदर खोचला आणि स्वतःच पुढे निघाल्या. आम्ही चौघी, त्या, आणि दारात सुताराची बायको उभी होती. तिने विचारलं, काय शोधायचं. मी सांगितलं, आमचा नंबर शोधू नका. कप्प्यावर जो आकडा आहे तोच प्रत्येक फाईलच्या शेवटी आहे का, तेवढंच बघा. जी बसत नाही ती आपली.

असं माणसांनाही लागू पडतं का गं? नको, हे खोडते.

संध्याकाळपर्यंत अडतीस कप्पे झाले, ज्याच्या हाताला जो लागेल तो. नाही मिळाली. सगळ्यांना सगळं सांगून झालंय. चष्मेवाली दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मावशी बोलली. म्हणाली, "माझं नाव कशाला मध्ये घेतलंस? मला विचारलं होतंस?" मी पुढचा कप्पा बघायला घेतला.

उद्या.

आई

२० मार्च, गुरुवार

मिळाली.

काल दुपारी सव्वातीन. मावशीला. आम्ही सगळ्या डोळे फाडून बघत होतो आणि ती नेहमीसारखी बोटाने आकडे चाचपत होती, जुने नंबर दाबून छापलेले असायचे ना. कामात ती सगळ्यांत मागे होती. तिच्या बोटांना सवय लागली होती, सतरा, सतरा, सतरा, आणि एकदम थांबली. "ए," म्हणाली, "सतराच्या कप्प्यात बासष्ट काय करते?"

मी नंबर वाचला, ४०८६२. सुताराची बायको ती फाईल छातीशी धरून पळाली, चपला आमच्याकडेच राहिल्या.

आज सकाळी ऑपरेशन झालं. औषधाचं नाव तिसऱ्या पानावर, लाल शाईत, दोनदा अधोरेखित. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई मोठ्या बाईंना म्हणाल्या, मी नेमकं हेच देणार होते. सुतार दुपारी शुद्धीवर आला आणि त्याने पेन्सिल मागितली.

मी घरी येऊन तुझ्या बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, गच्चीवर गेले. खाली आले तेव्हा हवेबद्दल काही बोलले नाहीत.

आई

२ एप्रिल, बुधवार

मिरे,

माझी रेकॉर्ड रूममधून बदली झाली. आता मी कपड्यांच्या खिडकीवर, चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे अंगरखे. मोठ्या बाईंनी नोकरी ठेवली पण किल्ली काढून घेतली. बरोबर केलं. मी त्यांच्या जागी असते तर नोकरीही ठेवली नसती. इथे चादरींना नंबर नाहीत, शिस्त नाही, कोणी येतं आणि वरची उचलतं, खालच्या वर्षानुवर्षं खालीच. दोन दिवस हाताची घडी घालून बघितलं. तिसऱ्या दिवशी गठ्ठे फिरवायला सुरुवात केली. माणसाचा स्वभाव कुठे जातो.

तुमच्या त्या टायवाल्याला मी पत्र टाकलं आहे. मोठ्या बाईंनी लिहून दिलं, सही माझी. काय झालं, कोणी केलं, सगळं. तो काही करेल असं वाटत नाही. पण त्याच्या कागदांत तुझ्या नावापुढे जे लिहिलंय ते खोटं आहे, हे त्याला माहीत असावं.

रेकॉर्ड रूममध्ये पट्टे ओढायचं काम चालू आहे. चष्मेवाली आणि मावशी करतात. मी जाता येता दारातून बघते, आत जायची परवानगी नाही. एका कप्प्याचा पट्टा खाली, पुढच्याचा थोडा वर, मग आणखी वर, अशी तिरकी चढण दिसते खोलीभर. काल दारातूनच ओरडले, त्रेचाळीसमध्ये एक परकी आहे. होती. मावशी म्हणाली, "बदली झाली तरी नाक आतच आहे हिचं."

आता तुझं कार्ड. शनिवारी आलं. सगळी पत्रं वाचूनही तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस, नुसतं कोडं. मला आधी राग आला. मग मी लसूण घेऊन बसले.

"एक ते शंभर आकड्यांच्या चिठ्ठ्या आहेत, फेटून टाकलेल्या. त्यातली एक गहाळ आहे. प्रत्येक चिठ्ठी एकदाच बघायची, काही लिहून ठेवायचं नाही. कुठली गहाळ ते कसं शोधशील?"

पहिल्यांदा मी म्हटलं, क्रमाने लावून टाकावं, फट दिसेल. पण लावायला शंभर चिठ्ठ्या किती वेळा उचलाव्या लागतील, आणि तू एकदाच बघ म्हणतेस. मग म्हटलं, शंभर चौकोन आखावे, आली त्याच्यावर टिंब. ते जलद आहे, पण लिहायचं नाही म्हणतेस. बाबा म्हणाले, सगळ्या पाठ करायच्या. ते बाबाच.

तिसरी पद्धत मला चादरीने सांगितली. शंभर चादरींचा गठ्ठा मी मोडत होते, एक वरून, एक खालून अशा जोड्या लावत, आणि बघते तर पहिलीला शंभरावी आली, दुसरीला नव्याण्णवावी, तिसरीला अठ्ठ्याण्णवावी. प्रत्येक जोडीची बेरीज एकशे एक. अशा पन्नास जोड्या. म्हणजे सगळं जागेवर असतं तर बेरीज पाच हजार पन्नास. आता चिठ्ठ्या बघत जायचं आणि मनात नुसती बेरीज वाढवत जायची, कुठली आली कुठली गेली काही लक्षात ठेवायचं नाही. शेवटी पाच हजार पन्नासातून आलेली बेरीज वजा करायची. जेवढं कमी पडेल तीच गहाळ. एक फेरी, एक आकडा डोक्यात, बस. तिन्हींत हीच चांगली.

मी खरंच करून बघितलं. बाबांना चिठ्ठ्या करायला लावल्या, एक त्यांनी खिशात लपवली. मी सांगितलं, एकोणतीस. त्यांनी खिशातून काढून बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या मनातलं वाचलं.

पण मिरे, ह्यात एक गोष्ट आहे जी तू लिहिली नाहीस. पूर्ण किती असायला हवं हे आधी माहीत असलं पाहिजे. ते ज्याला माहीत नाही त्याला गहाळ काही आहे हेच कळणार नाही, तो आहे तेवढ्याचीच बेरीज करून झोपून जाईल. मी वर्षभर तेच केलं.

आपल्या टेबलाला खुर्च्या तीन आहेत, बसतो दोघं. मला सोळा नजरा लागल्या नाहीत आणि सातही नाहीत.

उत्तर बरोबर आहे की चूक ते कार्डावर लिहू नकोस. येऊन सांग. लसूण तू सोल ह्या वेळी, मी पाय वर घेऊन बसते.

आशीर्वाद शेवटी बघू म्हटलं होतं. ते आहेतच.

आई